वाचकांचे प्रश्न : भजनी मंडळाचा नवा मिक्सर

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाने वर्गणी काढून मिक्सर, दोन स्पीकर आणि चार माइक घेतले. बुवांनी तार षड्ज लावला की आवाज फाटतो, आवाज वाढवला की शिट्टी वाजते आणि टाळांच्या गजरात अभंगाचे शब्द कळत नाहीत. आमच्यापैकी कोणीही हे काम शिकलेले नाही. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या तक्रारी तीन असल्या, तरी त्यांचे मूळ बहुधा दोनच ठिकाणी सापडेल, गेनच्या बटणात आणि माइकच्या जागेत.

माइकमधून येणारा विद्युत संकेत अतिशय क्षीण, साधारणपणे काही मिलिव्होल्टचा असतो. चॅनेलच्या, म्हणजे मिक्सरवर एका माइकसाठी असलेल्या बटणांच्या उभ्या रांगेच्या, वरच्या टोकाला असलेले गेनचे बटण त्याला कामापुरते बळ देते आणि खालचा फेडर, म्हणजे वरखाली सरकणारे बटण, त्यातला किती भाग पुढे सोडायचा, एवढेच ठरवतो. त्यामुळे गेनपाशीच फाटलेला आवाज फेडर खाली ओढल्याने लहान होईल, पण सांधला जाणार नाही. फेडर पूर्ण खाली ठेवून बुवांना अभंगातली सर्वांत चढी ओळ पूर्ण ताकदीने गायला सांगावे. ‘हॅलो, हॅलो’ म्हणून केलेली चाचणी येथे उपयोगाची नाही, कारण बोलण्याचा आवाज आणि तार षड्ज यांत फार मोठे अंतर असते. लाल दिवा लुकलुकू लागेपर्यंत गेन वाढवावा, तेथून थोडा मागे घ्यावा आणि मगच फेडर वर सरकवून शून्याच्या खुणेजवळ आणावा.

स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून फिरत राहिला की शिट्टी वाजते. म्हणून स्पीकर माइकच्या ओळीपुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. बुवांनी माइकपासूनचे अंतर एक फुटावरून अर्धा फूट केले, तर माइकला मिळणारा त्यांचा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो आणि तेवढा गेन कमी करता येतो. कोणतेही बटण न फिरवता मिळणारा हा लाभ मला फार मोलाचा वाटतो.

गायनाचे बहुतेक माइक समोरून नीट ऐकतात आणि पाठीमागून फारच कमी. टाळकरी बुवांच्या मागे उभे राहिले, तर टाळांचा नाद थेट माइकच्या तोंडात जातो. त्यांना दोन्ही अंगांना, थोडे पुढे बसवावे. टाळांना स्वतंत्र माइक देऊच नये. शब्द दबत असतील, तर गायकाचा फेडर चढवण्याआधी पेटी आणि पखवाज थोडे उतरवून पाहावेत. अभंग हा शब्दांसाठी ऐकला जातो, म्हणून एकोही अगदी बेताचाच ठेवावा, नाहीतर एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते.

‘लो कट’ नावाचे बटण असल्यास ते गायकांच्या चॅनेलवर दाबावे. ते साधारण 80 ते 100 हर्ट्झखालची घरघर कापते. काळी एकच्या पट्टीत पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा आणि मंद्र पंचम सुमारे 104 हर्ट्झचा असतो, त्यामुळे गाण्याला धक्का लागत नाही. पखवाजाच्या चॅनेलवर मात्र ते दाबू नये, कारण कणीक लावलेल्या डाव्या पुडीची सारी भरदारी त्याच खालच्या भागात असते.

मिक्सरवर शक्यतो मंडळातलाच माणूस बसवावा. बुवा कोणत्या चरणाला चढणार आणि गजर कोठे सुरू होणार, हे ज्याला पाठ आहे त्याचा हात वेळेवर हलतो. बाकीची बटणे त्याला सरावाने कळतील.

प्रश्न : मिक्सरवरचे ‘48 व्होल्ट’ असे लिहिलेले बटण चालू राहिले, तर साधा माइक बिघडतो का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हा वीजपुरवठा कंडेन्सर, म्हणजे चालण्यासाठी वीज लागणाऱ्या, माइकसाठी असतो. तीन पिनांची बॅलन्स्ड वायर सुस्थितीत असेल, तर गायनाच्या साध्या डायनॅमिक, म्हणजे वीज न लागणाऱ्या, माइकला त्याची बाधा होत नाही. वायर सदोष असल्यास धोका संभवतो, म्हणून गरज नसताना बटण बंदच ठेवावे. ते चालू किंवा बंद करताना, तसेच माइकची वायर काढताना किंवा जोडताना फेडर खाली ओढलेले असावेत, अन्यथा होणारा जोराचा धडाका स्पीकरला इजा करू शकतो.