केळीच्या गाड्यांचं ट्रॅकिंग: मॅप राहू द्या, आधी घाट बघा

भाऊ, रावेर-सावद्याच्या ५० केळीच्या ट्रकांसाठी स्वतःचा ट्रॅकिंग प्लॅटफॉर्म बनवायचाय, मायक्रोसर्व्हिसेस (एका मोठ्या प्रोग्रामऐवजी बरेच छोटे वेगळे प्रोग्राम) घेऊ का आणि मॅप कोणता, असं विचारलंय तुम्ही. मी धुळ्यात बसून बरीच वर्षं हेच करतोय म्हणून सांगतो, मॅप सगळ्यात शेवटी. गाडीतल्या जीपीएस डिव्हाइसचं दर १० सेकंदाला एक पॅकेट (गाडी कुठे आहे याची एक नोंद) धरलं तर एका गाडीचे दिवसाला ८,६४०, पन्नासांचे ४,३२,०००, म्हणजे सेकंदाला ५ फक्त. एक साधा सर्व्हर अन् पोस्टग्रेस डेटाबेस निवांत ओढतो, चार माणसांच्या भरीताला मंडपवाला कशाला.

खरा घोळ घाटात होतो. शिरपूरहून सेंधव्याकडे जाताना पळासनेरच्या पुढे बिजासन घाटात आमच्या गाड्यांची रेंज जायची. डिव्हाइस पॅकेट पोटात साठवतं (एआयएस-१४० या भारतातल्या ट्रॅकिंग डिव्हाइसच्या मानकवाल्याला तर किमान ४०,००० नोंदी साठवायची सोय लागतेच) आणि रेंज आली की सगळं एकदम ओकतं. आम्ही येड्यासारखं पॅकेट सर्व्हरला पोचलं तीच वेळ खरी धरली होती, मग काय, गाडी २० मिनिटं घाटात उभी आणि नंतर १२० पॅकेट दोन सेकंदात, ट्रकचं विमान झालं, ओव्हरस्पीडचा मेसेज मालकाला रात्री दोनला, मालकाने ड्रायव्हरला झापलं, अन् तो बिचारा ढाब्यावर चहा पीत होता.

तर दोन्ही वेळा साठवा, डिव्हाइसची वेगळी, पोचल्याची वेगळी, आणि हिशोब डिव्हाइसच्या वेळेवर करा. ती बहुतेक यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत येते, साडेपाच तास स्क्रीनवर दाखवताना जोडा, डेटाबेसमध्ये नको. काही डिव्हाइस ताजं पॅकेट आधी आणि जुनी मागाहून पाठवतात, म्हणून क्रमावर विसंबू नका, आणि जुन्या पॅकेटवर अलर्ट तर अजिबात नको. डिव्हाइसने सर्व्हरला मेसेज पाठवायची एमक्यूटीटी ही पद्धत घेतली तर चांगलंच आहे, १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटने लक्ष ठेवायला बनवलेलं, कमजोर लाइनवर तग धरतं. पण त्यातली क्यूओएस १ ही मेसेज पोचवायची हमी म्हणजे किमान एकदा पोचणार, एकदाच पोचेल असं नाही, तेच पॅकेट दोनदा येणारच. डिव्हाइस आयडी, डिव्हाइसची वेळ आणि सिक्वेन्स नंबर (पॅकेटचा अनुक्रमांक) मिळून युनिक इंडेक्स टाका, म्हणजे तीच नोंद डेटाबेस दुसऱ्यांदा घेणार नाही, आणि इन्सर्ट करताना 'आधीच असेल तर सोडून दे' असं लिहा.

डिझेलचं पण सांगतो. जे१९३९ मध्ये (ट्रकमधले इंजिन-सेन्सर ज्या ठरलेल्या भाषेत माहिती पाठवतात ती) टाकीची पातळी एका बाइटमध्ये येते, एका आकड्याला ०.४ टक्के. आमच्या डॅशबोर्डवर एका ट्रकची टाकी १०२ टक्के दिसायची, मालक खूष! तो बाइट एफएफ होता, म्हणजे २५५, म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही', सेन्सरच नव्हता अन् आम्ही सरळ गुणाकार करून मोकळे. बरं, सेन्सर असला तरी चढावर डिझेल टाकीत मागे सरकतं, आकडा पडतो, लगेच डिझेलचोरीचा अलर्ट देऊ नका, गाडी सपाटीवर येऊ द्या.

आणि मोबाइलवरून इंजिन बंद करायचं बटण मालक मागणारच. २०१५ ला चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी इंटरनेटवरून चालती जीप हॅक करून दाखवली, कंपनीला १४ लाख गाड्या रिकॉल कराव्या लागल्या. डिव्हाइस कॅनवर (गाडीतल्या भागांना जोडणारी डेटाची लाइन) फक्त ऐकणारं ठेवा, बोलणारं नको, आणि बटण द्यायचंच असेल तर गाडी पूर्ण थांबल्यावरच चालेल असं, ते पण सर्व्हरवर नाही, डिव्हाइसमध्येच तपासा.

तूर्त एकच डिव्हाइस घ्या, एकाच ट्रकला लावा, इंदूरपर्यंत एक फेरी होऊ द्या. कच्चा लॉग इथे टाका, आयएमईआय (डिव्हाइसचा ओळख नंबर) खोडून, मग बघतो.