अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला वर्गात कसं शिकवावं?

सर, तुम्ही लिहिलंय की चौथीतला मुलगा तोंडी फटाफट उत्तरं देतो, पण 'घर'चं 'धर' वाचतो आणि वहीत 'पिशवी'ची 'पशिवी' होते. आधी डोळे-कान तपासून घ्यायला सांगा. ते ठीक असतील तर ही अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अवघड जाणं. मग 'दहा वेळा लिहून आण' हे आजपासून बंद. मी एका पोराला महिनाभर असं लिहायला लावलं होतं. तो इमानदारीत दहा वेळा 'पशिवी' लिहून आणायचा!

त्याची चूक नीट बघा. ह्रस्व वेलांटीचा आवाज अक्षराच्या नंतर येतो, पण ती काढायची अक्षराच्या आधी. तो जसं ऐकू येतं तसं लिहितोय: प, मग वेलांटी. मी मग टाळी वाजवत 'पि-श-वी' म्हणायला लावते, 'प श व' मोकळं-मोकळं लिहून घेते, आणि वेलांट्या नंतर लाल पेनने. वेळ लागतो, पण कुठली वेलांटी कुणाची ते कळतं.

घ आणि ध एकाच दिवशी घेऊ नका. दोनेक आठवडे फक्त घ: ताटात रवा पसरून बोटाने काढायचा, काढताना मोठ्याने म्हणायचा. तो पक्का झाला की ध. घची रेघ सलग, धची डावीकडे तुटलेली, हे बोटाला कळू दे.

गणितात 'बावन्न' ऐकून २५ लिहितो का, बघा. कानावर आधी दोनच पडतात ना! २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' आलं तेव्हा सगळे हसले, मीही हसले. अशा मुलांसोबत तेच वापरते आता. बावन्न मागाहून जोडून देते.

शाब्दिक उदाहरणं तुम्ही वाचून दाखवा, परिसर अभ्यास तोंडी घ्या. वर्गासमोर अचानक वाचायला उभं करू नका. उतारा आदल्या दिवशी द्या.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. पण पालकांशी बोलताना सुरुवात 'दिव्यांग' शब्दाने केलीत तर ते उठून जातील. त्याने तोंडी दिलेली उत्तरं तुम्ही एका कागदावर उतरवून ठेवा, शेजारी त्याची वही ठेवा, आणि त्यांना दोन्ही वाचू द्या.