सिकलसेल, रक्ताचा रिपोर्ट आणि मोबाइल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी बहीण कॉलेजच्या शिबिरात सिकलसेल ‘एएस’ निघाली. आता तिचं लग्न जुळतंय. मुलाकडच्यांनी त्याचीही टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. बोलणी पुढे न्यायला हरकत नाही ना? — एक भाऊ, नारी रोड

उत्तर : सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. ‘एएस’ म्हणजे त्याचा जनुक एकाच पालकाकडून आलेला वाहक, ‘एसएस’ म्हणजे दोघांकडून आलेला रुग्ण. मुलाची नेमकी कोणती टेस्ट झाली, ते आधी विचारा. शिबिरात बहुतेक वेळा सोल्युबिलिटी टेस्ट करतात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन काचेच्या नळीतल्या द्रावणात मिसळायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात लपल्या तर पॉझिटिव्ह. टेस्ट स्वस्त आणि चटकन होणारी आहे, पण ती फक्त हिमोग्लोबिन एस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) आहे की नाही एवढंच सांगते. पॉझिटिव्ह आलेला माणूस एएस आहे की एसएस, हे तिला कळत नाही. खूप रक्त कमी असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर ती चुकून निगेटिव्हही येते.

तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. मुलगा बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक असेल तर सोल्युबिलिटी निगेटिव्हच येणार. पण आईकडून सिकलसेलचा आणि वडिलांकडून थॅलेसेमियाचा जनुक आला, तर बाळाला आजार होतो, आणि तो एसएसइतका तीव्र असू शकतो. म्हणून दोघांचीही एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी, करून घ्या. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत चौकशी करा. उपाशीपोटी जावं लागत नाही, जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर आधी सांगा, नाहीतर दात्याचं हिमोग्लोबिन मिसळून आकडे चुकतात.

रिपोर्टमध्ये एएस असणाऱ्याचं हिमोग्लोबिन एस साधारण 30 ते 40 टक्के असतं आणि ए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, त्याहून जास्त. थॅलेसेमियाच्या वाहकात ए2 (हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) बहुधा 3.5 ते 4 टक्क्यांच्या वर जातं. इथेच फसगत होते : शरीरात लोह कमी असेल तर ए2 खाली दिसतं आणि वाहक सुटून जातो. त्यामुळे सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. त्यात एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) 80 च्या खाली आणि एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) 27 च्या खाली असेल, तर ए2 ठीक दिसलं तरी डॉक्टरांना पुन्हा विचारा.

मुलाचं सगळं नॉर्मल असेल तर बाळाला एसएस होणार नाही. फार तर ते बहिणीसारखंच एएस होईल. एएस हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही, आणि त्यावरून मुलीला नकार देणं हा तिच्यावर अन्याय आहे. दोघंही एएस निघाले तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता 25 टक्के. ‘चारातलं एक झालं, आता बाकी तीन सुटले’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, दर वेळी हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. अशा जोडप्याने लग्न करावं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. केलं तर पाळी चुकताच नोंदणी करा. 11 ते 13 आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाचा जनुक तपासता येतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर पोचलात तर वेळ आणि पर्याय दोन्ही कमी होतात. या तपासणीत मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, 1994 च्या कायद्याने ते बंद आहे.

प्रश्न : अमेरिकेतल्या भाच्याने थुंकी पाठवून डीएनए टेस्ट केली. त्यातली मूळ फाइल त्याने मला पाठवली. सिकलसेलच्या जागी त्याला ‘टीटी’ दिसतंय, आणि इंटरनेटवर टी म्हणजे सिकल असं लिहिलंय. घाबरावं का? — एक मामा, सक्करदरा

उत्तर : नाही. ही चूक फार जणांची होते, म्हणून नीट सांगतो. सिकलसेलमध्ये अकराव्या गुणसूत्रावरच्या, हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एचबीबी जनुकात एकच अक्षर बदलतं : ‘जीएजी’चं ‘जीटीजी’ होतं. म्हणजे जनुकाच्या बाजूने वाचलं तर ए नॉर्मल, टी सिकल. पण डीएनए दुपदरी आहे आणि एका पदरावर ए असेल तिथे समोरच्या पदरावर टी असतो. हा जनुक उलट्या दिशेने लिहिलेला आहे, आणि अशा फाइली बहुधा दुसऱ्या पदरावरून वाचतात. तिथे टी नॉर्मल, ए सिकल. फाइल कोणत्या पदराची आहे हे कळल्याशिवाय ‘टीटी’ला अर्थ नाही.

शिवाय या फाइलीत चुका असतात. 2018 मध्ये छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा फाइलींत दिसलेल्या जनुकबदलांची प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी केली, तेव्हा 40 टक्के खोटे निघाले. भाच्याने साधी एचपीएलसी करावी.

आणि ती फाइल पुढे पाठवू नका. 2023 मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या डीएनए टेस्ट करणाऱ्या कंपनीची सुमारे 14 हजार खाती जुने पासवर्ड वापरून उघडली गेली, पण माहिती गेली जवळपास 69 लाख लोकांची, कारण ‘नातेवाईक शोधा’ या सोयीने खाती एकमेकांना जोडलेली होती. भाच्याच्या थुंकीत तुमचाही वाटा आहे.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. लोक मोबाइलवरचं काहीही दाखवतात. खरी माहिती फुकट कुठे मिळते? — उमरेड तालुका

उत्तर : ताई, मिळते, आणि ती आपसूक फुकट झालेली नाही. 1996 मध्ये बर्म्युडात जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं की मानवी जनुकक्रम वाचला की 24 तासांत सगळ्यांसाठी खुला करायचा. म्हणून आज एचबीबी जनुकाचं अक्षरन्‌अक्षर कुणीही पाहू शकतं. आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायनेही 8 फेब्रुवारी 2016 ला वेगवेगळ्या साइटींना वेगवेगळा डेटादर लावायला बंदी केली, त्यामुळे शोधनिबंध उघडायला वेगळा पॅक लागत नाही.

पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या साइटवर इंग्रजीत ‘सिकल सेल’ आणि ‘सेंट्रल इंडिया’ हे शब्द टाका, डावीकडे ‘फ्री फुल टेक्स्ट’वर टिचकी मारा. परदेशातलं आणि आपलं यात फरक आहे. भारतीय रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य’ असं पसरलंय. पण 2016 मध्ये छापलेल्या, नागपूर भागातल्या नवजात बाळांच्या अभ्यासात बऱ्याच एसएस मुलांना लहानपणीच तीव्र त्रास झालेला दिसला. बायांना ते जरूर सांगा.

गावच्या ग्रुपवर मात्र नावानिशी एएस-एसएसची यादी कधीही टाकू नका. त्या यादीवरून लग्नं मोडतात. यादी वहीत ठेवा, घरी जाऊन एकेकीला सांगा.

प्रश्न : एका इंजेक्शनने सिकलसेल कायमचा बरा होतो, असा मेसेज फिरतोय. — एसएस मुलाची आई, इमामवाडा

उत्तर : मेसेजमागची बातमी खरी, ‘एक इंजेक्शन’ खोटं. जनुकात नेमका बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राच्या उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशी काढून त्यांचा जनुक बदलतात, जोरदार केमो देऊन जुनी मज्जा रिकामी करतात आणि मग त्या पेशी परत सोडतात. सगळं व्हायला काही महिने लागतात; मान्यता मिळाली तेव्हा वयाची अट 12 वर्षांची होती आणि अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. या नावाखाली कुणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

आज हाताशी आहे ते हायड्रॉक्सीयुरिया हे औषध. परिणाम दिसायला तीन महिने तरी लागतात, म्हणून महिनाभरात ‘फरक नाही’ म्हणत बंद करू नका. ठरलेल्या तारखेला सीबीसी चुकवू नका. आपल्या मे महिन्यात मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली हवीच, पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होऊन दुखणं उठतं. रोज त्याला आडवं झोपवून डाव्या बरगडीखाली बोटं ठेवा. तिथे प्लीहा नेहमीपेक्षा मोठी, टणक लागली आणि मूल पांढरंफटक पडलं, तर उजाडायची वाट बघू नका. ताप 101 च्या वर गेला तरी तसंच. एचपीएलसी रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि कॅज्युअल्टीत पोचताच, मुलाचं नाव सांगायच्याही आधी, तो समोर धरा.