आमचं नाटक कुठल्या मराठीत करायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या गावातला, वय २६, बेळगावच्या उद्यमबागमधे फौंड्रीत कामाला. आमच्या तरुण मंडळाचं यात्रेत दरवर्षी नाटक असतंय, आजवर पुण्या-मुंबईची छापील पुस्तकं आणून केली, यंदा पोरं म्हणाली आपल्या गावावर आपणच लिहूया. आणि तिथंच भांडण लागलं. अर्धे म्हणतात शुद्ध मराठीच पाहिजे, कन्नड शब्द घुसले तर महाराष्ट्रात जायचं म्हणून १९५६ पासून झगडलेल्या माणसांना काय तोंड दाखवायचं. बाकीचे म्हणतात मग आमची आजी स्टेजवर पुण्यासारखी कशी बोलणार? मी सातवीपर्यंत मराठी शाळेत, पुढं हायस्कूल कन्नडमधे, त्यामुळं संध्याकाळी घरी आलो की शेजारपाजारचे उतारा, नोटीस, बँकेचं पत्र घेऊन येतात, वाचून दाखव म्हणून. कोल्हापूरला गेलो की मी कर्नाटकातला, इथं मी मराठी. लिहायला बसलो की हात अडतो. काय करू?

उत्तर : अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं. नाटक तू लिहूनच पाठवलंयस, ते शेजारपाजारचे उतारा घेऊन येतात त्या ओळीत! कट्ट्यावर एक पोरगा बसलाय, समोर म्हातारी पदरातनं घडी घातलेला कागद काढते, स्वतःच्याच शेताचा कागद, आणि तिला तो वाचता येत नाही. पोरगा कन्नड वाचतो, मराठीत सांगतो, आणि मधे एक क्षण गप्प बसतो, कारण कागदात वाईट बातमी आहे. तो गप्प बसलेला क्षण नीट बसवा, मग सीमाभागावर भाषण ठोकणारं पात्र लागणारच नाही.

भाषेचं म्हणशील तर गाव बोलतंय तसंच लिही. 'काय करूलास', 'जाऊलोय' हे सगळं येऊ दे. शुद्ध मराठीवाल्यांना एवढंच विचार की सुगीला काय म्हणणार? सुगी शब्द कन्नडच आहे. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता, हेही तिकडूनच आलेत असं जाणकार सांगतात, म्हणून काय आपण मराठी उरलो नाही? आणि नाटकाचंच बघ, कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे, म्हणजे देवादिकांच्या कथा नाचून-गाऊन करणाऱ्यांचे, खेळ पाहून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला लावलं, त्यातून १८४३ साली 'सीतास्वयंवर' झालं. त्याच साली अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, कुठं, तर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. पुढं १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' करून संगीत नाटक गाजवणारा माणूस हा. हे तालमीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना सांग.

पण त्या शुद्धवाल्यांच्या मनातली भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, ते बघितलेली माणसं अजून तुमच्या गावात असतील. त्यांच्याकडं जा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्या दिवशी घरात काय शिजलं होतं इथपासून विचारा. त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत नाटकात घ्या, मग तोंड दाखवायचा प्रश्न येत नाही, कारण स्टेजवर तेच बोलतायत.

फौंड्रीत बरोबर काम करणारा कन्नड दोस्त असेलच की तुझा. त्याला एक भूमिका द्या, आणि त्याला त्याच्याच भाषेत बोलू द्या. गोकाककडं 'श्रीकृष्ण पारिजात' हे कन्नड लोकनाट्य चालतं, तो त्या बाजूचा असेल तर चार ओळी गाऊनही दाखवेल. पब्लिकला कळेल, काळजी करू नकोस, तुमच्या गावाला बाजारात रोज कळतंच की.

बायकांच्या भूमिका मुलींनीच करायच्या. त्यांच्या घरी विचारायला मंडळाची पोरं पाठवू नका, तुझ्या आईला पाठव. स्पीकरची परवानगी आधी काढा आणि रात्री दहाच्या आत संपेल असं लिहा, दीड तास भरपूर झाला.

लहानपणी मी किलतान, म्हणजे गोणपाट अंथरून, आईच्या मांडीवर अर्धी झोपेत अशी नाटकं बघितलीत, म्हणून तुझं पत्र आल्यापासून डोक्यातनं जात नाहीये. पहिला प्रवेश लिहून झाला की मला पाठव, कसाही असू दे. आणि भाताची सुगी आटपल्यावर तालमी सुरू करा, त्याआधी कोण येणार नाही.