मुलांवर डिजिटल माध्यमांचा परिणाम या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "मोबाईल वाईट हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यासाठी दोन वर्षं कशाला घालवायची?" अगदी हेच आमच्या दादानं मला सांगलीच्या घरात भर पंगतीत ऐकवलं होतं. म्हणून उत्तर लिहायला बसले.

मी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून मानवविकास, म्हणजे माणसाच्या वाढीचा अभ्यास, या विषयात एम.एस्सी. केलं. पहिल्या वर्षी दिवाळीला घरी आले तेव्हा पुतण्या अडीच वर्षांचा होता. शब्द मोजून पाच-सहा. हाक मारली तर वळायचा नाही. वहिनीचा मोबाईल घेऊन दिवसभर जेसीबीचे व्हिडिओ बघायचा, आवाज पूर्ण मोठा आणि फोन गालाला चिकटवलेला. जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं मी नुकतीच वाचली होती: वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराच्या वर नको. मेथी निवडत बसलेल्या वहिनीला मी ती तोंडपाठ म्हणून दाखवली. दादाच्या हातात कोलीतच मिळालं. "बघ, आता शिकलेली माणसंही तेच म्हणायलीत." पुढचे चार महिने पोरगं बोलत नाही याचं खापर वहिनीच्या डोक्यावर फुटत होतं, आणि ते खापर माझ्या हातचं होतं.

मार्चमध्ये मिरजेला त्याचे कान तपासले. दोन्ही पडद्यांमागं चिकट पाणी साठलेलं. पोराला नीट ऐकूच येत नव्हतं, म्हणून आवाज मोठा, म्हणून फोन गालाला. मी हे डोळ्यांनी बघितलं होतं, वहीत 'आवाज फार मोठा' असं टिपलंही होतं. का मोठा, हे विचारायचं सुचलं नाही. कानात बारीक नळ्या बसवल्यावर काही दिवसांनी तो कुकरच्या शिट्टीला दचकून रडला. वहिनीही रडली. मी वहिनीची माफी मागितली. दादानं अजून मागितलेली नाही.

तर या विषयात शिकायचं ते हे. जास्त फोन आणि उशिरा बोलणं एकत्र दिसतं, पण फोनमुळे बोलणं लांबतं, की बोलता न येणारं चिडकं पोर गप्प बसावं म्हणून फोन दिला जातो, की दोन्हींमागं तिसरंच काही असतं? दादा मार्केट यार्डात अडतीवर बसतो. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय तो बोली लावत नाही, पण पोराच्या बाबतीत वरूनच भाव ठरवला.

ज्या मार्गदर्शक तत्त्वांवर मी उड्या मारत होते, त्यांतच लिहिलंय की शिफारस ठाम आहे, पण पुराव्याचा दर्जा अगदी कमी. तेवढं पान मी वाचलं नव्हतं. 2019 मध्येच ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधक एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रशिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या सुखासमाधानात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त 0.4 टक्के डिजिटल वापराशी जोडता आला. उलट बाळांच्या भाषेवर काम करणाऱ्या अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कुल यांचा 2003 चा प्रयोग बघा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी माणसं समोर बसून चिनी बोलली, तेव्हा बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेच डीव्हीडीवर दाखवलं तर काहीच शिकली नाहीत. म्हणजे किती तास हा प्रश्न अपुरा आहे. समोर माणूस आहे का, आणि ते बाळाकडे बघून बोलतंय का, हे विचारा.

आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला लागले. कौतुक आहेच. पण विद्यार्थी म्हणून मला खुपतं ते वेगळंच: पोरं अभ्यासाला बसली ती त्यांचा फोन बंद झाला म्हणून, की आईबापांचाही झाला म्हणून? तुम्हाला प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्या.

कुठं करायचं म्हणाल तर बडोदा आहे, मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे, नाहीतर मानसशास्त्रात एम.ए. करून हा विषय प्रबंधाला घ्या. संख्याशास्त्र कच्चं असेल तर आधी ते करा, नाहीतर दुसऱ्यांच्या आकड्यांवर माझ्यासारखं भाषण ठोकाल. नोकरीचं विचाराल तर नुसत्या एम.एस्सी.वर फार आशा धरू नका. प्राध्यापकी हवी असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागेल.

आणि हो, हे वाचून कुणी पोराच्या हातात फोन देऊन मोकळं होऊ नका. तो 0.4 चा आकडा किशोरांचा आहे, दोन वर्षांच्या मुलांचा नाही. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कानात पाणी असतं असंही नाही, आणि मी डॉक्टर नाही. पण आता अंगणवाडीत मी जी प्रश्नावली नेते तिच्यात मोबाईलचा प्रश्न सातवा आहे. पहिला आहे: मूल पाठमोरं असताना हाक मारली तर वळतं का?