बायोलॉजीचा पेपर सुटल्यावर उत्तरं जुळवताना

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या बायोलॉजीत 70 पैकी 52 गुण ‘यांपैकी कोणतेही सोडवा’ अशा निवडीच्या प्रश्नांचे, त्यामुळे मैत्रिणीने सोडवलेले प्रश्न वेगळेही असतील. आधी प्रश्नपत्रिका उघड, मगच उत्तर जुळव.

सगळ्यात जास्त वाद जेनेटिक्सवर होतात. एक म्हणते 3:1, दुसरी 1:2:1. एकसंकराच्या, म्हणजे एकाच लक्षणाच्या संकराच्या, दुसऱ्या पिढीत दोन्ही बरोबर असतात. पहिलं दिसणाऱ्या लक्षणांचं प्रमाण, दुसरं जनुकप्रकाराचं, म्हणजे आतल्या जनुकांच्या जोडीचं. गुलबक्षीचा लाल-पांढरा संकर असेल तर मात्र अपूर्ण प्रभावितेमुळे (कुठलाच रंग पूर्ण वरचढ ठरत नाही) दोन्हीकडे 1:2:1 येतं. म्हणून प्रश्नात नेमकं काय विचारलंय तो शब्द बोट ठेवून वाच.

दीर्घोत्तरी तर जुळवूच नकोस. तिथे मुद्द्यांना आणि नावं दिलेल्या आकृतीला टप्प्याटप्प्याने गुण मिळतात, एखादा मुद्दा सुटला म्हणून चारही गुण जात नाहीत. उद्या पेपर असेल तर हे सगळं सुट्टीच्या दिवसावर ढकल.