मेंदू पाठ करण्याआधी

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. फिजिओथेरपीच्या पहिल्याच वर्षी मेंदूच्या भागांची नावे रात्री पाठ होतात आणि सकाळी उडून जातात, हे वाचून मला नवल वाटले नाही, कारण त्या नावांना अजून माणूस जोडला गेलेला नाही. प्रत्येक नावापुढे त्याचे कार्य लिहून रकाने भरतोस, ते परीक्षेपुरते चालेल. पण शेजारी आणखी दोन रकाने आख. तो भाग दुखावला तर माणसाला काय जमेनासे होते, हे एकात लिही आणि तरीही काय जमत राहते, हे दुसऱ्यात. आपल्याला घरोघरी जाऊन काम करायचे असते ते या दुसऱ्या रकान्याच्या भरवशावर.

मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के. पण माणूस नुसता पडून असला तरी शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, आणि स्वतःजवळ साठा म्हणावा असा काही ठेवत नाही. म्हणून मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. या पक्षाघाताला आपल्याकडे ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात, तेल चोळतात आणि सकाळच्या एसटीची वाट पाहतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. त्याआधी रक्तस्राव झालेला नाही ना, हे सीटी स्कॅनवर पाहावे लागते, आणि आडगावातून स्कॅनच्या मशीनपर्यंत पोहोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, की लगेच १०८ ला फोन करायचा, हे शिक्षण पूर्ण होण्याआधीही तुला आपल्या वाडीत सांगता येईल.

आता वाचेविषयी. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. त्या माणसाला ‘तां’ एवढाच उच्चार करता येत असे, मात्र समोरच्याचे बोलणे त्याला बरेचसे कळत असे. इजा होती डाव्या फ्रंटल लोबच्या, म्हणजे कपाळामागच्या भागाच्या, खालच्या बाजूस. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार वर्णिला: बोलणे अस्खलित, पण अर्थहीन, आणि दुसऱ्याचे बोलणेही समजत नाही. ही दोन नावे प्रत्येक पुस्तकात आहेत. पुस्तकात नसतो तो हर्णै बाजूचा एक तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख, ज्याच्या तोंडून पक्षाघातानंतर ‘हो’ याखेरीज शब्द फुटत नव्हता आणि ज्याने गणपतीत टाळ हातात घेऊन सगळी आरती शब्दांसकट म्हटली. घरच्यांना तो चमत्कार वाटला. खरे तर वर्षानुवर्षे घोटलेले, सुरात बांधलेले शब्द ब्रोकाच्या त्या भागावर तितकेसे अवलंबून नसतात; त्यात उजव्या बाजूचाही वाटा असतो, आणि त्याच वाटेने वाचोपचार करण्याची एक पद्धतही आहे. मला राग आला तो एवढ्याच गोष्टीचा, की तोवर घरातील माणसे त्याच्यादेखत त्याच्या होडीच्या विक्रीची बोलणी करत होती. वाचा गेली म्हणजे समज गेली, असे कधीही धरून चालू नकोस.

उजवा पराइटल लोब, म्हणजे मेंदूचा टाळूखालचा उजवा भाग, दुखावला तर जे होते, ते पाहायचे असेल तर रुग्णाच्या जेवणाच्या वेळी जा. एका आजोबांच्या ताटात उजवीकडची भाजी आणि आमटी संपलेली असे. डावीकडचे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर जसेच्या तसे, आणि मधला भात सुरीने कापल्यासारखा अर्धा उरलेला. सुनेला वाटत होते की त्यांना चटणी आवडेनाशी झाली. डोळे शाबूत होते, भूकही होती. जगाची डावी बाजू मात्र त्यांच्या लेखी उरलीच नव्हती. ताट फिरवून दिले की उरलेले मुकाट्याने जेवत. दाढीही अर्धीच करत. अशा माणसाला ‘नीट बघा’ म्हणून काही होत नाही. त्याच्या डाव्या अंगाला बसून, बोलून, त्याची मान वळवायची सवय लावावी लागते.

लहान मेंदू नावानेच लहान आहे. एकूण सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी ६९०० कोटींच्या आसपास तिथे असतात. तो बिघडला तर हातापायांतील जोर जात नाही, अंदाज जातो: कपाकडे नेलेला हात कपाच्या पुढे जातो, आणि पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरताना पाऊल कुठे पडेल याचा भरवसा राहत नाही. दारूचा परिणामही याच भागावर होतो, त्यामुळे कधी थेंबही न घेतलेल्या माणसाला गाव दारुड्या ठरवून मोकळे होते.

याच पाखाडीवर कंपवाताचा रुग्ण पाहा. त्याच्या मेंदूच्या तळाशी डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि बेसल गँग्लियाकडून, म्हणजे मेंदूच्या खोलातील पेशीपुंजांकडून, हालचालीला मिळणारी चालना मंदावते. सारवलेल्या सपाट खळ्यात किंवा दाराच्या उंबऱ्याशी त्याचे पाय जमिनीला खिळतात, आणि तोच माणूस जांभ्याच्या पायऱ्या बऱ्यापैकी चढून जातो. कारण पुढची कड डोळ्यांना दिसली की पाऊल टाकण्याची आज्ञा दुसऱ्या मार्गाने जाऊ शकते. खळ्यात चुन्याच्या आडव्या रेघा ओढून दे आणि प्रत्येक रेघ ओलांडायला सांग. पुष्कळांना उपयोग होतो. आपल्या कुंपणावरच्या खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताच्या गोळ्यांतलेच औषध, असते हे खरे आहे. तरी तिची पूड करून खा, असा सल्ला कुणालाही देऊ नकोस, कारण चालू गोळ्यांचे प्रमाण त्याने बिघडते.

स्मृतीचे प्रकरण वाचताना हेन्री मोलेसन यांची हकीकत वगळू नकोस. अपस्मारासाठी १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, मोठा भाग काढण्यात आला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत नवीन घटना त्यांच्या लक्षात राहिल्या नाहीत. तरी आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे काम त्यांचा हात दिवसागणिक सफाईने करू लागला, आणि दर दिवशी त्यांना वाटे की हे आपण प्रथमच करत आहोत. सून कोण आणि नात कोण हे विसरलेली आजी उकडीच्या मोदकाच्या कळ्या एकसारख्या पाडते, तेव्हा हेच चालू असते.

ब्रेनस्टेमची, म्हणजे श्वास आणि बाहुल्यांची हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या देठाची, तपासणी शिकशील तेव्हा मण्यार साप आठव. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, डंखाची खूण बहुधा दिसतही नाही. तिचे विष चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर घाव घालते: पापण्या मिटतात, श्वास थांबू लागतो, बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत, आणि माणूस मेंदूने गेला असे वाटते, आत मात्र तो जागा असू शकतो. श्वास यंत्रावर चालू ठेवला आणि उपचार मिळाले तर असा रुग्ण बरा होऊन घरी जातो.

मेंदूचा दहाच टक्के भाग आपण वापरतो किंवा डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलावंत, असले गैरसमज कोणी सांगितले तर वाद घालत बसू नकोस, सीटी स्कॅन बघायला शिक. तिथे एक गोष्ट सगळ्यांनाच आधी गडबडवते: त्या चित्रात तुझ्या डाव्या हाताला दिसते ती रुग्णाची उजवी बाजू असते. आणि मोठ्या मेंदूची उजवी बाजू शरीराच्या डाव्या बाजूला चालवते, तर लहान मेंदू ज्या बाजूचा, त्याच बाजूच्या हातापायांना. पुढच्या पत्रात याचे चित्र पुस्तकात न पाहता काढून पाठव.

कळावे,
तुझे सर